मागचं चाक मी नेलं आहे

गोबिन बाबू,

सायकलचं मागचं चाक शोधत बसू नकोस, चोर आला नव्हता. शेजारच्या जीतूला सांगून मीच ते काढवून घेतलं आणि अष्टयामाच्या अखंड कीर्तनाला जाताना घेऊन चालले आहे. तिथल्या मंडपाजवळच हनीफ मिस्त्रीचं दुकान आहे. तुटलेले तीनच नाही, सगळेच स्पोक नवे घालायला सांगते. उरलेल्यांनी त्या तिघांचा भार इतके दिवस ओढला, ते तरी आता कशाच्या जोरावर टिकतील?

"चाळिसातले तीन गेले, चाक उभं आहे ना माय?" असं काल हसून म्हणालास. तुझे बाबाही सायकलवर कोळसा लादून चुटूपालूच्या घाटाकडे निघाले, तेव्हा असंच हसले होते. मी 'सांभाळून जा' म्हटलं, त्यांनी मान डोलावली. उतारावर चाक दुमडलं. लोकांनी कोळशाची पोतीसुद्धा अंगणात आणून दिली, तेच तेवढे चालत आले नाहीत.

अष्टयामात एक गाणारा थकला की दुसरा सूर धरतो, हरीचं नाव तुटत नाही. या घरात तुझ्यामागे सूर धरणारं कोणी नाही रे.

पेजेचा माड-भात आणि बटाट्याचा चोखा झाकून ठेवलाय. तुझी कोळशाची भरलेली पोती आज भिंतीलाच राहू देत. जीतूची सायकल मागू नकोस, तो देणार नाही. तसं वचन घेतलंय मी त्याच्याकडून.

संध्याकाळी प्रसाद आणि चाक, दोन्ही घेऊन येते. तोवर रागवायचं तर खुशाल रागव, पण घरी बसून रागव.

तुझी माय