गाठीतला चिंचोका

माय, तू दारात आलेल्या कोणालाही चहा पाजायचीस आणि चहासोबत घरातल्या सगळ्यांची नावं-गावं सांगून टाकायचीस. त्यावरून मी तुला किती बोलले असेन. "त्याले चहा देल्ला, पुरे झालं. जवाई काय करते हे काऊन सांगून राह्यली?" तू हसून म्हणायचीस, "बोलल्यानं काय तोंड झिजते काय वो?" आणि तुझी ही शहाणी लेक कारंज्याच्या बसस्टँडजवळ, पडदा लावलेल्या एका खोलीत खुर्चीवर बसून, न पाहिलेल्या माणसाला तुझ्या दुप्पट सांगून आली. चहासुद्धा न पाजता. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी हे घडलं, म्हणून तुझं ऐकून घ्यायचं राहिलं. आज सकाळी घरात एक गोष्ट झाली आणि वाटलं, आता तुला सांगूनच टाकावं.

पण आधी तो चादरीवाला. तो तुला आठवत असेलच, तुझ्या जिवाला लागला होता. मी लेकराला घेऊन चार दिवस तळेगावला आले होते. सायकलला चादरींचा गठ्ठा बांधून तो ओट्याशी थांबला, पाणी मागितलं, तू चहा ठेवलास. मी आत भाकरी थापत होते आणि तुझं बोलणं कानावर येत होतं. मोठी अल्लीपूरले देल्ली, मारुतीच्या देवळामागं घर, दारात निंबाचं झाड, व्याही असे, जवाई तसे. लहानी कारंज्याले, कापडाचं दुकान हाय. अन् हा नातू. नातवाचं नावही सांगितलंस, घरचं आणि कागदावरचं, दोन्ही. तो हो-हो करत ऐकून घेत होता. मोठा गोड माणूस.

संध्याकाळी तू सुपात तूर घोळत बसली होतीस आणि एकदम हात थांबवलास. "चादर इकाले आला अन् एकबी चादर इकली नाई त्यानं. भावबी नाई सांगतला. मंग आला कायले होता?" बाबा म्हणाले, गेला असेल कंटाळून. पण तुझं सूप तसंच राहिलं. तू एकेक आठवायला लागलीस, काय-काय बोलून गेलीस ते, आणि तुझा चेहरा उतरत गेला. उद्या पहिल्या गाडीनं अल्लीपूरला जाते म्हणालीस, तेव्हा बाबा चिडले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरीच्या सासरी जाऊन आपलीच बोंब आपणच माराची काय?" तू पदराला हात पुसत म्हणालीस, "मूठ झाकून काय करू? मुठीतलं तं तो सारं घेऊन गेला."

वर्ध्याला गाडी बदलून आपण गेलो. तू वाटभर गप्प, असं कधी झालं नव्हतं. ताईच्या अंगणात विहीणबाई बाजेवर बसल्या आहेत, ताई पाण्याचा तांब्या घेऊन उभी आहे, आणि तू बसतसुद्धा नाहीस. उभ्या-उभ्या म्हणतेस, "विहीणबाई, माह्याच तोंडानं चूक झाली." आणि काय-काय सांगितलं ते सगळं मोजून सांगतेस. विहीणबाईंनी तोंड वाकडं केलं. "येवढ्यासाठी आल्या? तुमच्या तोंडाले कुलूप लावा म्हणलं तं आता उशीर झाला म्हणा." ताईनं मान खाली घातली. माझे कान तापले. तुझे नाही तापले. तू म्हणालीस, "सांगतलेलं काई वापस येत नाई, पण त्याले बिनकामाचं करता येते." माझं पोरगं मांडीवर चिंचोके घेऊन खेळत होतं. त्याच्या मुठीतून तू एक काढलास आणि ताईच्या हातावर ठेवलास. "आजपासून माह्याकडून कोनी आलं, तं त्याच्या गाठोड्याच्या गाठीत चिंचोका राहीन. नसन तं तो माहा माणूस नाई. मंग तो साऱ्या खानदानाचं नाव सांगो."

आठ-दहा दिवसांत तो अल्लीपूरला पोचलाच. सायकल नव्हती, चादरी नव्हत्या. आई जिन्यावरून पडली, वर्ध्याच्या दवाखान्यात आहे, दागिना घेऊन बोलावलं आहे, मी शेजारचाच. सगळी नावं बरोबर, निंबाचं झाड बरोबर. ताई नंतर सांगायची, सारं समजून बी मी दागिन्याच्या डब्याकडं वळलीच होती. तेवढ्यात आतून विहीणबाई आल्या. त्याच, तोंड वाकडं करणाऱ्या. म्हणाल्या, "गाठोडं कुठी हाय?" तो म्हणे, कसलं गाठोडं? मग काय, निंबाच्या झाडाखालून असा पळाला म्हणतात की वहाण तिथंच राहिली. पुढं पोळ्याच्या सुमारास त्यांच्याकडून आपल्याकडे तुरीची डाळ आली. तू गाठ सोडलीस तर आत चिंचोका. तू तो कितीतरी वेळ हातात धरून बसली होतीस.

आता माझं ऐक. ते मुठीत चिंचोके धरणारं पोरगं पुण्याला कॉलेजात गेलं. सुट्टीत आलं तेव्हा त्यानं मला ई-मेल काढून दिला, फोटो पाठवीन म्हणे. मी आठवड्यातून एकदा बसस्टँडजवळच्या इंटरनेट कॅफेत जाऊन बघायची. एक दिवस त्यात परदेशातल्या लॉटरीचं पत्र. तिकीट न काढता लॉटरी लागत नाही, हे तळेगावच्या बाजारातलं शेंबडं पोरगंही सांगेल. पण खरं सांगू? त्यात मला 'मॅडम' म्हटलं होतं. दुकानात मी मॅचिंगचा काउंटर बघते, फॉल, अस्तर, ब्लाऊजपीस. मला कोणी वहिनी म्हणतं, कोणी काकू. इंग्रजीतून, अदबीनं, मॅडम कोणी म्हटलं नव्हतं. मी डिक्शनरी घेऊन बसले आणि सगळं भरलं. नाव, जन्मतारीख, पत्ता, दुकानाचा फोन, बँकेचा खाते नंबर, फोटो, कोऱ्या कागदावर सही. वारसाचं नाव विचारलं होतं, तिथं पोराचं नाव, होस्टेलचा पत्ता, त्याचा मोबाईल. तू निदान निंबाच्या झाडावर थांबली होतीस.

मग दुकानात फोन आला. हिंदी बोलणारा होता, बक्षीस सोडवायला आधी फी भरा म्हणे, आणि फी भरायची ती कुठल्यातरी शहरातल्या कुण्या पोराच्या बचत खात्यात. तिथं माझे डोळे उघडले. मी नाही म्हटलं, तर त्याचा आवाजच बदलला. "मैडम, आपकी सारी जानकारी हमारे पास है. बेटा पुणे में है ना?" मी फोन ठेवला. काउंटरवर एक बाई मोरपंखी साडी घेऊन उभी होती, तिला मी चक्क लाल फॉल कापून दिला.

दोन-तीन दिवस कोणाला सांगितलं नाही. पैशापेक्षा पोराची काळजी होती. तो तिकडे एकटा, आणि त्याचं सगळं मीच लिहून दिलेलं. पण सांगायचं कसं? बँकेचं सगळं तूच बघत जा, असं तुझ्या जावयानं नुकतंच म्हटलं होतं, आणि मला त्याचा केवढा मान वाटत होता. मनात बाबांचंच वाक्य घोळायचं, झाकली मूठ, झाकली मूठ. मग एका दुपारी स्वयंपाकघरात आमटीला चिंच कोळताना चिंचोका हाताला लागला. माय, तू विहीणबाईंच्या अंगणात उभी दिसलीस, न लाजता सगळं मोजून सांगणारी. माझ्या मुठीत तरी काय उरलं होतं झाकायला?

हे जेवायला बसले होते. मी ताट वाढलं आणि तुझ्यासारखंच मोजून सांगितलं, काही न गाळता. यांनी घास तसाच ठेवला. मला वाटलं, आता बोलणीच बसतात. तर हात धुतले आणि म्हणाले, "चाल, बँक उघडी असन. भाताले काय, येऊन खाऊ." पायात चपला घालता-घालता म्हणतात, "तीन दिवस एकटीच काऊन घेऊन बसली वो?" त्या वाक्यावर मला रडू आलं, तोवर आलं नव्हतं.

बँकेत एक तरुण मुलगी होती टेबलावर. ती म्हणाली, "काकू, नुसत्या नंबरनं पैसे जात नाहीत, पण तुमची सही त्यांच्याकडे गेली आहे. हे खातं बंद करू, चेकबुक रद्द करू, नवीन नंबर घ्या. आणि सहीपण बदला." लग्नात नाव बदललं, आता सहीही. ब्लाऊजपीसच्या कागदी पिशव्यांवर मी आठवडाभर नवीन सही गिरवली. पोलीस ठाण्यातल्या हवालदारानं अर्ज घेतला आणि बजावलं, त्यांचं एकही पत्र पुसू नका, छापून आणून द्या. "अन् उत्तर देऊ नका. शिवीबी नाई. शिवी देली तं त्याले समजते, इकडं कोनी वाचून राह्यलं म्हून." ई-मेलचा पासवर्ड कॅफेवाल्यानं बसून बदलून दिला. पुढं असंही एक पत्र आलं की फसलेल्या लोकांना भरपाई मिळवून देतो, नाव आणि खातं कळवा. ते वाचून मी त्या खोलीत एकटी हसले, बाजूच्या पोरांनी पडदा सरकवून पाहिलं.

आणि दुकानात मी सगळ्या बायांना सांगितलं. फॉल कापता-कापता, जी येईल तिला. काही हसल्या, काहींनी मागून नावंही ठेवली असतील. पण एक शाळेतल्या बाई काही न घेता निघून गेल्या आणि संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर परत आल्या. हळूच म्हणाल्या, मलाही तसंच पत्र आलं आहे, सगळं भरून ठेवलं आहे, उद्या पाठवणार होते. मी त्यांना स्टूल दिलं, चहा मागवला. त्या दिवशी मला तुझ्या चहाचं मोल कळलं.

पोराला बँकेतून आल्यावर त्याच रात्री फोन केला होता. आधी ओरडला, "आई, तू बी कमाल करतं!" मग मी म्हटलं, माझं नाव सांगून कोणाचाही फोन आला तर त्याला खूण विचारायची, आणि ती सांगितली. हसला. आई, हे काय पिक्चर आहे का म्हणे. पंधरवडा गेला असेल. दुकानाचा फोन वाजला, मी उचलला. पलीकडे पोराचा आवाज, "आई, तू जेवली?" त्याला फोन आला होता. तुमच्या आईला हायवेवर ट्रकनं उडवलं, ऑपरेशन आहे, लगेच पैसे भरा. माझं नाव, जन्मतारीख, दुकान, सगळं बरोबर. "मले खरंच वाटलं आई. पण मी खूण विचारली." समोरच्यानं फोन कापला म्हणे. यांनी माझ्या हातून फोन घेतला आणि पोराला म्हणाले, "जेवली, जेवली. माह्यासमोर उभी हाय."

त्यानं तेव्हा विचारलं होतं, ही युक्ती तुला सुचली कुठून. मी म्हटलं, बँकेतल्या मॅडमनं सांगितली. काय सांगू, आपण नव्या जमान्याचं काही शिकलो असं दाखवायची हौस. तू त्याला मांडीवर खेळवलंस, पण त्याला तुझं काही आठवत नाही, आणि मी जे तुझ्या नावानं द्यायला पाहिजे होतं ते बँकेच्या नावावर टाकलं.

आज सकाळी तोच पोरगा, आता बाप झालेला, त्याच्या लेकीला शाळेचे मोजे घालत होता आणि सांगत होता, "पप्पानं पाठवलं म्हणून कोनी घ्याले आलं, तं आधी काय विचारशील?" पोरीनं त्याच्या कानात सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणते, "आजी, पप्पा म्हणते हे तुले बँकेतल्या मॅडमनं शिकवलं. खरं?" मी हो म्हणाले, माय. तोंडातून निघून गेलं. बस आली आणि पोरगी गेली.

ती दुपारी येईल. चिंचोके काढून ठेवले आहेत, तिच्यापाशी बसून तुझी गोष्ट पहिल्यापासून सांगणार आहे, चादरीवाल्यासकट. हे पत्र कुठं पाठवायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून घडी करून मॅचिंगच्या खणात ठेवते. आमची खूण मात्र यात लिहिली नाही. ती फक्त आपल्या माणसाच्या कानात सांगायची असते.