उद्या काही झाले तर तिला बोल लावू नये

मी, खाली सही करणारी, शरीरशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, अविवाहित, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदयाच्या झडपेचे तेवढे सांगता येत नाही. दबाव आला नाही, असे मात्र लिहिणार नाही. दबाव आणणारा धाकटा भाऊ या क्षणी दाराबाहेर येरझाऱ्या घालतो आहे.

१. राहते घर. टेकडीपलीकडच्या वस्तीतली, म्हणजे आमच्याच लोकांची, हुशार मुले माझ्या बाहेरच्या खोलीत अभ्यासाला येतात. या शहरात आम्ही मूठभर; आमची बोली कानावर पडली की घरमालकांच्या खोल्या एकदम भरलेल्या असतात. म्हणून घर त्या अभ्यासवर्गाला देत आहे. माझा फोटो लावू नये. एकदा नापास झालेल्या मुलाला काढू नये. इतरांचा मुलगा नापास झाला तर तो एकटा नापास होतो. आमचा झाला की सगळी वस्ती नापास ठरते.

२. बँकेतली शिल्लक धाकट्या भावाला. मी शिकत होते तेव्हा वर्कशॉपात राबून घर त्याने चालवले. अट कलम चारमध्ये आहे.

३. माझी लिहिण्याची खुर्ची माजी विभागप्रमुखांना. ‘तुमच्यातल्या असूनही छान शिकवता’ असे ते शेवटपर्यंत म्हणत आले. खुर्चीचा एक पाय डुगडुगतो. दुरुस्त करून देऊ नये.

४. उद्या सकाळी माझी झडप दुसऱ्यांदा बदलायची आहे. इथल्या दोन ज्येष्ठ सर्जननी तपासण्या पाहून हात वर केले. आपल्या नावावर मृत्यू नको, दुसरे काय! तिसरी तयार झाली. ती माझ्याच अभ्यासवर्गातली. इतके प्रश्न विचारायची की आम्ही तिला ‘प्रश्नपत्रिका’ म्हणायचो. आमच्यातून इथे सर्जन झालेली ती पहिली. ‘बाईंच्या वशिल्याने आली’ असे जिन्यात कुजबुजतात, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

काल ती खाटेशी बसून म्हणाली, “बाई, धोका निम्म्याहून जास्त आहे. खोटं नाही सांगणार.”

“भीती वाटते?”

“वाटते. तुमच्यासाठी, आणि माझ्यासाठीही. तुम्ही गेलात तर मला इथे टिकू देणार नाहीत.”

“मग नाही म्हण.”

“नाही म्हटलं तर तुम्ही नक्कीच जाल.”

भावाला हे कळले आणि तो भडकला. “ताई, बरंवाईट झालं तर तिला कोर्टात खेचीन! तुझ्यावर हात बसवून घ्यायचाय का तिला?”

“अरे, आपलीच पोर आहे.”

“आपली असली म्हणून काय झालं? मला बहीण एकच आहे.”

सबब नमूद करते, की तिच्याकडूनच शस्त्रक्रिया करून घेण्याचा निर्णय माझा एकटीचा आहे. हलगर्जी झालीच, तर रुग्णालयाची चौकशी आहे. पण मी टेबलावरून उठले नाही, एवढ्याच कारणाने भावाने तिच्याविरुद्ध तक्रार वा दावा केल्यास कलम दोनमधला त्याचा हक्क संपेल आणि शिल्लक अभ्यासवर्गाला जाईल. त्याला हे लागेल. लागावे म्हणूनच लिहिले. तिचे नाव खराब झाले तर टेकडीपलीकडच्या पुढच्या मुलीला इथे कोणी दारातही उभे करणार नाही.

मला मरायचे नाही. जगण्याची फार इच्छा आहे, हेही नोंदवून ठेवते.

मजकूर स्वतः लिहून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ: रुग्णालय, दुसरा मजला, खिडकीजवळची खाट
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपार
सही: निवृत्त प्राध्यापिका

साक्षीदार १: वॉर्डच्या मुख्य परिचारिका (सही)
साक्षीदार २: शेजारच्या खाटेवरील शिवणकाम करणाऱ्या बाई (सही)

(खाली, वेगळ्या अक्षरात)
ताई, वाचलं. पैशाची धमकी द्यायची गरज नव्हती. तुझं म्हणणं मला अजून पटलेलं नाही, पण तक्रार करणार नाही. आत्ताच खाली जाऊन तिलाही तसं सांगून आलो. उद्या माझ्या भीतीने तिचा हात थरथरायला नको.
धाकटा भाऊ