कफीला बस म्हणालो

चार्ल्स टाउनजवळ, मार्च १७६४

प्रिय मेहिटेबल,

तुला नि मुलांना देव सुखी ठेवो. माझा ताप उतरला आहे. रोज भात खातो, आता तो आवडूही लागलाय. आईंचे गुडघे कसे आहेत?

काल जेवताना माझ्या हातून एक चूक झाली. कफी नावाचा म्हातारा गुलाम वाढत होता. आपल्याकडे कनेटिकटला वाढून झालं की आपली गुलाम झिल्पा आपल्याच टेबलाच्या टोकाला जेवायला बसते. त्याच सवयीने मी बाकावर सरकलो आणि म्हणालो, "बस की आता, कफी. गार होतंय."

तो भांडं घेऊन मागे सरकला. "नको साहेब," तो पुटपुटला, "जीव जाईल माझा."

ज्यांच्या मळ्यावर मी उतरलोय ते यजमान मोठ्याने हसले. "तुमच्या उत्तरेत काय, गुलामांना मांडीवर घेऊन भरवता?" मग त्यांनी मुकादमाला हाक मारली. चूक माझी आहे, मी पुन्हापुन्हा सांगितलं. अंगणात कफीला बसलेले फटके मला टेबलाशी बसून ऐकावे लागले. यजमान विचारत होते, "आणखी थोडं मटण?"

तुझा भाऊ जोसाया म्हणतो, इथली ऊब झिल्पाच्या खोकल्याला मानवेल, तिला इकडे विकू. मेहिटेबल, त्याच्या गलबतावर तिला पाऊल ठेवू देऊ नकोस.

आपण तिला टेबलाशी बसवतो, म्हणून आपण बरे, असं मी धरून चाललो होतो. पण तिला विकायचं की नाही, हे आपण तिघं ठरवतोय. तिला काय हवंय, ते तिला विचार. मी येईपर्यंत थांबू नकोस.

तुम्हा सर्वांसाठी प्रार्थना करणारा,
तुझा एलिफलेट