वाकड्या फरशा

ओसाका, १८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार. तू पाठवलेले शिंपले पोचले. मिसो घालून सार केलं आणि दोन दिवस पुरवून खाल्लं. मात्सुएला आता थंडी पडली असेल. गुडघ्यांना जप, आणि तळ्याकाठच्या रस्त्याने सायकल दामटणं सोड. तू ऐकणार नाहीस हे ठाऊक आहे, पण धाकट्या भावाने सांगायचं नाही तर कोणी?

दुकान ठीक चाललंय. टीव्हीला जोडायची जुनी खेळयंत्रं दुरुस्त करणारे निप्पोनबाशीत आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, त्यामुळे काम येतं. दर रविवारी दुपारी आमची 'झाकणी'ही चालू असते. तू आली होतीस तेव्हा बघून हसली होतीस, आठवतं? दोन टीव्ही शेजारी शेजारी ठेवायचे, दोन्ही यंत्रांसाठी निघालेला एकच खेळ दोन्हींवर लावायचा, यंत्रांवर फडकी टाकायची आणि नुसतं चित्र बघून कोणतं यंत्र ते ओळखायचं. हरेल त्याने सगळ्यांना खायला ताकोयाकीचे गरम गोळे आणायचे.

मी कधी हरत नसे. त्यात जादू काही नाही गं. मेगा ड्राइव्हचा मेंदू जलद, पण रंगांच्या बाबतीत हात आखडता. सुपर फॅमिकॉम रंग सढळ हाताने उधळतो आणि गर्दी झाली की धापा टाकतो. सॅटर्नला मेंदू दोन, आणि दोन सुना एका स्वयंपाकघरात असाव्यात तसा त्यांचा कारभार. प्लेस्टेशन सगळं त्रिकोणांनी रंगवतं, झपाझप, पण हात स्थिर नाही. पात्र वळलं की पायाखालच्या फरशांच्या रेघा लाटेसारख्या हलतात. निन्टेन्डो ६४ चं चित्र धुरकट, पण रेघ सरळ म्हणजे सरळ. फरशा बघितल्या की माझं उत्तर तयार.

तर गेल्या रविवारी फरशा हलल्या आणि मी म्हणालो, "प्लेस्टेशन." फडकं काढलं तर खाली निन्टेन्डो!

कुरामोची म्हातारा आनंदाने टेबलच बडवायला लागला. (बस चालवायचा तोच, सॅटर्नचा भक्त.) "अरे लेका, तीस वर्षं आम्हाला अक्कल शिकवलीस! जा, ताकोयाकी आण, आणि माझ्या गोळ्यांवर आलं जास्त घालून आण!"

मी हसलो. म्हटलं टीव्हीची चित्रनळी म्हातारी झाली असेल. जुन्या नळ्या रेघा वाकवतात, हे आमच्या धंद्यात कोणीही सांगेल. सोमवारी मागचं झाकण उघडून सगळे स्क्रू नीट फिरवले. चौकटींची जाळी पडद्यावर लावून बघितली, तर वाकडीच. दुसरा टीव्ही काढला. तोही वाकडा. शिवाय मधोमध एक करडा डाग, पडदा जळावा तसा. मग माडीवरून स्वतःचा टीव्ही उतरवला. त्यालाही तेच. सध्या वीज कमीजास्त होतेय की काय कोण जाणे. केबलीही सगळ्या बदलल्या.

एक आठवलं म्हणून सहज विचारतो. शेवटी शेवटी बाबा आपल्याकडे सरळ बघत नसत, मान वळवून तिरकं बघत. आई म्हणायची, म्हाताऱ्याला रुसायची सवय लागली. त्यांना तेव्हा काही होत होतं का गं? तुझ्याशी कधी बोलले होते? काही खास नाही, असंच मनात आलं.

तब्येतीला जप.

तुझा,
हिसाओ


ओसाका, ३० नोव्हेंबर

प्रिय ताई,

परवा फोनवर मी तुझ्याशी खोटं बोललो. "डोळे बरे आहेत ना तुझे?" असं तू थेट विचारलंस आणि मी म्हणालो, अगदी उत्तम. मग गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. आवाजाने सांगता येत नाही, म्हणून लिहितोय. लिहितानाही उगाच थांबतोय, दोनदा चहा करून झाला.

तुला पत्र टाकलं त्याच आठवड्यात निशिवाकी दुकानात आली. ती बँकेत काम करते, सुटीच्या दिवशी आमच्याकडे येऊन जुन्या यंत्रांवर खेळते. मी चौथा टीव्ही उघडून बसलो होतो. ती म्हणाली, "मालक, सगळेच कसे बिघडतील?" तिने माझी पोलादी पट्टी उचलली आणि पडद्यावरच्या रेघेला लावली. "बघा की, तंतोतंत सरळ आहे."

मी बघितलं. रेघ मध्यावर वाकलेली होती. पट्टीही तिथेच वाकलेली होती.

मी म्हणालो, "ही पट्टीच वाकडी आहे." ती आधी हसली. मग हसायची थांबली, आणि ताई, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. चार टीव्ही उघडले, केबली बदलल्या, विजेला शिव्या दिल्या, पण आपल्या डोळ्यांत काही असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आयुष्यभर दोष यंत्रात शोधायची सवय, दुसरं काय.

तिने मला धरून इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची असेल, मला मुलगी असती तर. तिने एक कागद समोर धरला. त्यावर चौकटींची जाळी, मधोमध ठिपका. आजवर मी टीव्हींना जी जाळी लावत आलो, तीच आता माझ्यापुढे. मी विचारलं, "जाळी बिघडली तर स्क्रू कुठे असतो?" ती हसली नाही. म्हणाली, "काका, ठिपका दिसतो का?" नाही दिसला.

डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या ऐन मध्यावर पाणी झिरपतंय, म्हणाली. वयामुळे होतं, कधी घराण्यातही असतं. तो डावा डोळा. उजवा लहानपणापासून नावापुरताच आहे हे तुला माहीत आहेच. म्हणजे जो आहे तो हाच. इंजेक्शन डोळ्यातच द्यायचं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्याने पुढचं थांबेल कदाचित. गेलेलं परत येईलच असं नाही. तारीख घ्यायला खिडकीवर थांबायला सांगितलं आणि मी निशिवाकीला "आलोच" सांगून मागच्या दाराने निघून आलो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस! इतका कधी घाबरलो नव्हतो. डोळ्यात सुई येताना दिसणार, आणि ती दिसली नाही तर ते त्याहून वाईट.

काम हातांच्या सवयीने होतंय. पण तापल्या सळईने कथिलाचा बारीक जोड देताना हात थांबतो. काल एका सुपर फॅमिकॉमचं आतलं सर्किट जळता जळता वाचलं. कुरामोचीला सांगावंच लागलं. त्याने टोपी कुरवाळली आणि मग तो ओरडला, "मग मी आता जिंकायचं कसं? ज्याला दिसत नाही त्याला हरवून काय तोंड दाखवू? मुकाट्याने जा आणि टोचून घे!" आणि जाताना माझ्या दुकानाचं शटर त्यानेच ओढलं. त्याला वाटलं, मला त्याचं नाक ओढणं ऐकू आलं नाही.

तू फोनवर सांगितलंस की बाबांनी तुझ्याकडे कधी तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर आपण काय केलं असतं हे माहीत नाही, तेव्हा औषध तरी कुठे होतं. पण आता मला कळतंय. समोरच्याकडे सरळ बघितलं की चेहऱ्याच्या जागी करडा डाग येतो. कडेने बघितलं की कान दिसतो, हनुवटी दिसते. काल निशिवाकीशी बोलताना मी आपोआप मान वळवली. बाबा रुसले नव्हते, ताई. आपली तोंडं बघायचा प्रयत्न करत होते. आईला हे सांगायला आई नाही, म्हणून तुला सांगतो.

निशिवाकीने माझ्या वतीने तारीख घेतली आहे. अकरा डिसेंबर, सकाळी. बरोबर घरचं माणूस हवं म्हणतात. "मी येते," असं ती म्हणाली, आणि ती येईलही. पण मला तू हवी आहेस. हे फोनवर सांगता आलं नसतं. सांगायला गेलो असतो तर रडलो असतो आणि तू पहिल्या गाडीने निघाली असतीस.

दहाला ये. ओकायामाला गाडी बदलशील तेव्हा निशिवाकीला कळव, तिचा नंबर पाकिटावर आहे. मी शिन-ओसाका स्टेशनवर घ्यायला येईन, यायचंच आहे मला. पण तू बाहेर येशील तेव्हा मी तुझ्याकडे बघूनही हात हलवला नाही, तर राग मानू नकोस. शेजारून निघून गेलो तरी मानू नकोस. सगळ्यांची तोंडं मला सारखीच दिसतील. तू थांब, आणि मोठ्याने माझं नाव घे. लोक बघतील तर बघू देत.

मला फार भीती वाटते.

तुझा धाकटा,
हिसाओ