जिन्याखालची भिंत

४ जानेवारी
इंग्लंडला, मिल्टन कीन्समध्ये आलो एकदाचे! नवी नोकरी, भाड्याचं का असेना पण अख्खं घर, आणि सोबतीला नागपूरहून आलेली आई. घरात गरम पाण्यावर चालणारे सात रेडिएटर. आईने सातांनाही हात लावून पाहिला आणि एकावर लगेच ओले मोजे वाळत घातले. बॉयलरवरचा पाण्याच्या दाबाचा काटा दीड बारवर. एकच्या खाली जाऊ देऊ नका, असं घरमालकाने बजावलंय.

७ जानेवारी
काटा अर्ध्यावर. बॉयलर बंद, आई शालीत. नळी उघडून पाणी भरलं. आईच्या खोलीतला रेडिएटर खाली गरम, वर गार, म्हणजे आत हवा अडकलेली. छोट्या किल्लीने व्हॉल्व्ह सैल केला. सुस्सकन हवा निघाली, मागून पाण्याचे थेंब. पुन्हा दीड बार. स्वतःवर जाम खूश.

१० जानेवारी
तीन दिवसांत तिसऱ्यांदा काटा खाली. प्रत्येक सांध्याला टिश्यू लावून पाहिला, कोरडा. छतावर डाग नाही, कार्पेट ओलं नाही. मग पाणी जातंय कुठे? आई म्हणते, जिन्याखालच्या भिंतीत कुणीतरी घटाघटा पाणी पितं. पाइपातली हवा गं ती, म्हटलं मी.

१३ जानेवारी
हीटिंग इंजिनिअर आला. कॉलिन, साठीचा, बोलका. त्याने बॉयलर बाकीच्या पाइपांपासून वेगळा करून तासभर वाट पाहिली. काटा हलला नाही. म्हणजे बॉयलर ठीक, गळती पाइपांत. रेडिएटर सात, पण पाइपांच्या जोड्या निघाल्या आठ. आठवी जिन्याखालून सरळ भिंतीत जाते. तिथे हात ठेवला तर भिंत गरम. कधीतरी खोली बंद करताना रेडिएटर आतच राहिला असेल, असं त्याचं म्हणणं. गळती दिसावी म्हणून पाण्यात हिरवा रंग घातला. गुरुवारी भिंत कापणार.

१४ जानेवारी
सकाळपासून भिंतीत खोकला. हवा अशी खोकत नाही.
आईने भिंतीला कान लावून विचारलं, “कोण आहे आत?”
खोकला थांबला.

१५ जानेवारी
बर्फ. कॉलिन येऊ शकत नाही. फोनवर म्हणाला, ती आठवी जोडी बंद करून टाक. केली. काटा स्थिर.
दुपारी भिंतीवर टकटक. आधी खाली, जमिनीलगत. मग माझ्या डोक्याच्या उंचीवर —

१६ जानेवारी
भिंत फुटलीय. आतून. हॉलमध्ये उमटलेली हिरवी, ओली, अनवाणी पावलं.
आईला ओढत वर आणलं. बाथरूममध्ये. कडी घातली. पोलीस निघालेत, पण रस्ते —

जिना वाजतोय.

दाराबाहेर श्वास. कोरडा, घरघरता. बाईचा आवाज. “वॉटर.” एवढंच, पुन्हा पुन्हा —
आणि आम्ही नळाच्या खोलीत येऊन बसलोय.

आई रडतेय. म्हणते, “किती वर्षं कोंडलेली असेल गं! आणि आपण तिचं पाणी तोडलं.”
आपण नाही. मी तोडलं.

दात घासायच्या ग्लासात आईने पाणी भरलं. नको म्हणतेय मी, ऐकत नाही —
कडीवर हात —
आई, थांब, जिन्यावर पावलं दोघांची वाजली, दुसरं अजून बोललेलं नाही, ते —