भुशाखालचा बर्फ

१९ मे
वेड लागलंय सगळ्यांना! हिवाळ्यातला उरलासुरला बर्फ यंत्राने लोटून वरच्या कुरणात घराएवढा ढीग केला आणि त्यावर हातभर लाकडाचा भुसा पसरला. म्हणे ऑक्टोबरपर्यंत टिकेल! मग तो बर्फ उतारावर पसरायचा, म्हणजे नोव्हेंबरात नुसता पाऊस पडला तरी पोरांना स्की शिकता येईल. ही अक्कल इन्सब्रुकच्या कॉलेजातून आलेल्या पिर्खरबाईंची. "हवामान बदललंय आजोबा, गावानेही बदलायला हवं." आजोबा! हिचा आजोबा मी कधी झालो?

खालच्या उतारावरची, स्कीवाल्यांना वर ओढणारी लिफ्ट मी छत्तीस वर्षं चालवली. ती आता भंगारात. तिथे बर्फ पडत नाही म्हणून. पडत नाही हे मलाही दिसतं. पण म्हणून भुसा?

२० मे
माझी लेक बुर्गल स्कीची शाळा चालवते. ती सकाळी कडाडली, "बाबा, ढीग निम्म्याहून जास्त वितळला तर पंचायत शाळा बंद करणार. मग मी जाते खाली शहरात, हॉटेलातल्या चादरी बदलायला. तेव्हा जरा तोंड आवरा!"

आवरलं. 

३ जून
आत काय चाललंय कोणाला ठाऊक? ओलसर गवत कोठारात भरलं की आतून तापतं, एखाद्या दिवशी पेट घेतं. म्हणून बापाने शिकवलं होतं — लांब सळई आरपार खुपसायची, थोडं थांबायचं, ओढून तळहातावर धरायची. हे बाईंच्या कॉलेजात कोण शिकवणार? मीच सळई घेऊन गेलो. मोठ्या खडकाशी खुपसली. गार.

४ जून
खडकापासून दहा पावलं, लाकडी कुंपणाकडे. गार.

११ जून
झाडांच्या बाजूला, तीन ठिकाणी. गार. बाईंनी एकदाही हात लावून बघितलेलं नाही! नुसत्या संगणकात डोकं घालून बसतात. यांना पगार कशाचा मिळतो?

२ जुलै
खानावळीत आमचा तोंडाळ कॉर्बिनियन सगळ्यांसमोर ओरडला, "त्या भुशाला काडी लावा आणि सॉसेज भाजा! टिकला ढीग तर मी चड्डीवर नाचेन!" सगळे हसले. मीही हसलो. मग थेट वर गेलो. माथ्यावर दोन ठिकाणी. गार.

१५ ऑगस्ट
मेरीमातेचा सण. चर्चमधून मंतरलेल्या, घरदार राखणाऱ्या झाडपाल्याची जुडी आणली आणि माथ्यावर भुशात खोचली. बुर्गलला सांगितलं नाही. आलोच आहे तर म्हणून ओढ्याकडेही सळई घातली. चार ठिकाणी.

१८ ऑगस्ट
ढीग खचला! खडकाशी माणूस मावेल एवढा खड्डा. पिर्खरबाई गुडघ्यावर बसल्या, शेजारचा भुसा हाताने सारला आणि बर्फातल्या भोकात बोट घातलं.

"कोणीतरी सळया खुपसल्यात. वरचा भुसा घसरून तोंड झाकतो, म्हणून दिसत नाही. पण आत पावसाचं कोमट पाणी शिरतं आणि भोकाची विहीर होते. सगळी सापडली आणि आठवड्यात बुजवली तर वाचेल. पण शोधायची कुठे? सगळा भुसा उपसला तर उन्हानेच जाईल."

बुर्गल म्हणाली, "कॉर्बिनियन. दुसरं कोण?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. मीही डोलावली!

१९ ऑगस्ट
दुकानात कॉर्बिनियनशी कोणी बोललं नाही. तो माझ्याकडे वळला. "फिन्ट्स, तू तरी सांग यांना. तोंडाचा घाणेरडा आहे मी, पण असा आहे का?" मी पाव निवडत राहिलो.

आणि त्या बाईंना एक पाटी लावता आली नाही? 'आत काही खुपसू नका' — चार शब्द! सळईने गवत कळतं तर बर्फ का कळू नये? मला सांगायला कोणाचं काय जात होतं?

— नाही. पाटी असती तरी खुपसली असती. माझं मला ठाऊक आहे.

बुर्गल रडत होती. स्वयंपाकघराचं दार लावून.

२० ऑगस्ट
कॉर्बिनियनच्या दारात जाऊन सांगून आलो. बुर्गललाही सांगितलं. तिने वर जायला जीपची किल्ली घेतली.

कुठे कुठे खुपसली ते या वहीशिवाय कुठेच लिहिलेलं नाही. पिर्खरबाई, वही तुमच्याकडे देतोय. शिव्याही वाचा. खडकापासून सुरुवात करा.