पालथ्या हाताचं मीटर

६ जानेवारी
बाबांना शॉक लागला. मुरुडजवळच्या एका शेतात पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर उघडला, मीटरवरचे आकडे दिसले नाहीत, आणि शेतमालकाला विचारायची लाज वाटली. लाइट नसेल असं समजून हात घातला. दोन बोटं भाजली, एवढ्यावर निभावलं. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टर मागेच म्हणाले होते. फोन शेतमालकाचा आला, बाबांचा नाही. रागाने रडू आलं.

८ जानेवारी
धाकट्या भावाचा, विजूचा नांदेडहून फोन. "ताई, बस झालं आता. पुढच्या महिन्यात गाडी घेऊन येतो, बाबांना इकडंच ठेवून घेतो." त्याचं चूक नाही. पण आसपासच्या दहा गावांत मोटार बंद पडली की ज्याचं नाव घेतात, त्या माणसाने फ्लॅटच्या गॅलरीत बसून करायचं काय? इथे लातुरात मी आयटीआयच्या पोरांना मीटर वाचायला शिकवते. आणि बापाला...

१२ जानेवारी
मुरुडला गेले. आकडे मोठ्याने बोलणारं मीटर घेऊन. बाबा हसले. "शेजारची मोटार चालू असली तर काय आयकू येनार, माय? अन् गिऱ्हाइकाला कळंल की मिस्त्रीला दिसत न्हाई."
दुसरं कारण खरं.
दुपारभर दुकानात त्यांना बघत बसले. मोटारीला हात लावायचा तर अजूनही आधी पालथा हात. करंट असला की हात आपोआप मागे येतो. यांचं मीटर आहे ते तिथेच की!

१८ जानेवारी
चार संध्याकाळी वर्गातल्या टेबलावर. पडदा नाही, आकडे नाहीत, डबी नाही. नुसता कापडी पट्टा, पालथ्या हातावर बांधायचा. आत जुन्या मोबाइलची थरथरणारी चकती. एक टोक तर्जनीवरच्या टोपणात, दुसरी वायर अर्थिंगला. करंट असला की थरथरणार. शेजारच्या वर्गाचे सर म्हणाले, "मॅडम, हे मीटर आहे का नवरीचं हातफूल?" हातफूलच म्हटलं.

२१ जानेवारी
पट्टा घेऊन मुरुडला. फजिती. बाबांनी चालू वायरीवर बोट टेकवलं, पट्टा थरथरला, आणि जन्माची सवय, हात झटक्यात मागे. हात मागे आला की थरथर बंद. बाबा शांतपणे म्हणाले, "बंद हाय लाइट."
थरथर कमी करून बघितली, तरी तेच. मी चिडले. "बाबा, हात धरून ठेवा की तिथंच!"
"न्हाई जमत. जमलं असतं तर तुझं लगीन बघायला ऱ्हायलो नसतो."

२२ जानेवारी
सकाळी चहा पिता पिता बाबाच म्हणाले, "उलटं कर. लाइट नसली तर टकटक करू दे त्याला. गप झालं की हात लावायचा न्हाई."
बॅटरी संपली तरी गप्प. चकती बिघडली तरी गप्प. म्हणजे काहीही बिनसलं तरी हात लांबच! इतकी वर्षं शिकवतेय, मला कसं सुचलं नाही?
"तुम्हाला कसं सुचलं?"
"तुझ्या मायवरनं. बोलून राहिली तवर घोर नसायचा. गप झाली की मी आपला लांब."
खूप हसलो. आई असती तर आत्ता दोघांनाही झापलं असतं.

२७ जानेवारी
टोपण नीट टेकलं नाही तरी गप्प राहिलं पाहिजे. एवढ्या एका गोष्टीत पाच दिवस गेले. जमलं.

३० जानेवारी
किल्लारीला मावशीच्या शेतात. मी मेन स्विचपाशी उभी. बाबा म्हणाले, "तिथं थांबू नको, माझं ध्यान तुझ्याकडंच जातंय. लिंबाखाली बस." माझ्या जागी मावशीला उभं केलं, न सांगता चालू-बंद करायला. मावशीने होतील तेवढ्या लबाड्या केल्या. वीस वेळा. बाबा वीसही वेळा बरोबर. मावशी वैतागून म्हणाली, "ह्या मानसाला फसवायला येतच न्हाई, लग्नापासून बघून राहिले!" बाबांचा चेहरा असा खुललेला कितीतरी दिवसांनी बघितला. फार फार बरं वाटलं.

२ फेब्रुवारी
विजू आला, गाडी घेऊन. पट्टा हातात घेऊन उलटासुलटा बघितला. "भारी केलंस ताई," म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला. मग हळूच, "वीस वेळा बरोबर आलं. एकविसाव्या वेळी?"
बाबांनी उद्याचं काम घेऊन ठेवलंय. शेत लांब आहे, एकटेच जाणार म्हणतात. दोघांची वादावादी. शेवटी बाबा म्हणाले, "तू सांग, माय. तूच बनवलंस. तुझा भरवसा हाय का त्याच्यावर?"
विजू माझ्याकडे बघत होता. बाबा दाराकडे बघत होते. मी खिडकीपाशी उभी आहे हे त्यांना दिसलं नव्हतं.
चहा टाकते म्हणून आत आले, आणि ही वही उघडली. पाणी केव्हाचं उकळतंय. बाहेर दोघेही थांबलेत.